क्लाउडमधलं ट्रॅफिक: कळायला किती सेकंद, वळायला किती सेकंद

१० जुलै २०१९, मँचेस्टर. वर्ल्ड कपची सेमीफायनल, पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेलेली, न्यूझीलंडच्या २३९ रन्सचा पाठलाग चाललाय आणि धोनी-जडेजा मॅच कशीबशी ओढत आणतायत. त्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी २ कोटी ५३ लाख लोक मॅच बघत होते. मग गप्टिलचा तो डायरेक्ट थ्रो, धोनी रनआऊट, आणि हॉटस्टारच्या इंजिनिअर्सनी नंतर जाहीर सांगितलंय त्याप्रमाणे थोड्याच वेळात हा आकडा १० लाखांच्याही खाली गेला.

कुणालाही वाटेल की लोक निघून गेले म्हणजे सर्व्हरवरचा भार उतरला. तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की हा विषय अर्धा समजला. मॅचचा व्हिडिओ येतो तो सीडीएनवरून, म्हणजे जागोजागी ठेवलेल्या साठ्यांवरून, तोच तुकडा लाखो लोकांना वाटायचा असतो, त्यामुळे ते काम अवाढव्य असलं तरी एकसुरी आहे. पण माणूस मॅच बंद करताना बॅकचं बटण दाबतो, बॅक दाबलं की ॲपचं होमपेज उघडतं, आणि होमपेज प्रत्येकाचं वेगळं, तुम्ही कोण, सबस्क्रिप्शन कुठलं, अर्धवट काय बघून ठेवलंय, आता काय सुचवायचं, हे सगळं त्याच क्षणी बनवावं लागतं आणि ते काम करतात मागे उभ्या असलेल्या व्हर्च्युअल मशीन्स. म्हणजे ज्या मिनिटाला व्हिडिओचा भार कोसळला त्याच मिनिटाला होमपेजचा भार उसळला. "प्रेक्षक कमी झाले, मशीन्स बंद करा" असं एखाद्या सिस्टिमने आपोआप ठरवलं असतं तर नेमकी ज्या मशीन्सची गरज होती त्याच गेल्या असत्या.

क्लाउडबद्दल, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्युटर्सबद्दल, बोलताना आपण "पाहिजे तेवढ्या मशीन्स मिळतात" इथेच थांबतो. मशीन्स मिळतात, खरंय. पण ट्रॅफिक सांभाळणं म्हणजे वेळ सांभाळणं असं माझं ठाम मत आहे. रस्त्यातल्या प्रत्येक टप्प्याला काहीतरी बिघडलंय हे कळायला काही सेकंद लागतात आणि कळल्यावर वळायला आणखी काही सेकंद. खालची सगळी गोष्ट या दोन आकड्यांची आहे.

आधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते पटकन बघू. डेटा सेंटरमधे एक मोठा खराखुरा सर्व्हर असतो, त्यावर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसतं आणि ते त्या एका सर्व्हरचे अनेक तुकडे करून प्रत्येक तुकड्याला "तू स्वतंत्र कॉम्प्युटर आहेस" असं भासवतं. कल्पना जुनी आहे, आयबीएमने १९७२ मधे मेनफ्रेमसाठी, म्हणजे त्या काळच्या अवाढव्य कॉम्प्युटर्ससाठी, व्हीएम/३७० काढलं होतं. २००६ मधे ॲमेझॉनने ईसी२ सुरू केलं आणि असा तुकडा तासाच्या भाड्याने कुणालाही घेता येऊ लागला. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ मधे पुण्यात आणि मुंबईत, ॲमेझॉनने २०१६ मधे मुंबईत आपापले रीजन, म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटर्सचे गट, सुरू केले, म्हणजे आज तुम्ही भाड्याने घेतलेली मशीन ठाण्या-पुण्याच्या माणसापासून काही मिलिसेकंदांवर असू शकते. हे अंतर गौण नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत धरलं तरी सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रच घेतं, त्यात समुद्राखालच्या केबल्स सरळ रेषेत जात नाहीत त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या आसपास. आणि सुरक्षित कनेक्शन जोडून पहिलं उत्तर मिळेपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात. मशीन कितीही ताकदीची घ्या, हे अर्धा-पाऊण सेकंद परत मिळत नाहीत.

आता पत्त्यांची गंमत. क्लाउडमधे तुमच्या मशीनचा आतला पत्ता समजा १०.०.०.५ आहे. त्याच डेटा सेंटरमधे दुसऱ्या कुणाच्या मशीनचाही तोच पत्ता असू शकतो, कारण खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले पत्ते सगळेच वापरतात. मग पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, चुकत कसं नाही? तर पाकिटात पाकीट घालून. तुमच्या मशीनमधून पॅकेट निघालं की खालचं सॉफ्टवेअर ते जसंच्या तसं दुसऱ्या पाकिटात घालतं, बाहेरच्या पाकिटावर खऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि एक नेटवर्क क्रमांक लिहितं, पलीकडे पोचलं की पाकीट फोडून आतलं योग्य मशीनला देतात. व्हीएक्सलॅन ही याची एक सर्वमान्य पद्धत. एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडायच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे व्हीलॅनमधे, नेटवर्क क्रमांकाला १२ बिट असायचे, म्हणजे जेमतेम ४ हजार वेगळी नेटवर्क्स, व्हीएक्सलॅनमधे २४ बिट, म्हणजे १ कोटी ६० लाखांच्या वर, हजारो ग्राहक एकाच छताखाली ठेवायचे तर एवढे लागणारच. बाहेरच्या पाकिटामुळे प्रत्येक पॅकेट साधारण ५० बाइटने फुगतं, आणि नेहमीच्या नेटवर्कवर पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. स्वतःचं असं नेटवर्क उभारताना हे ५० बाइट धरायचे राहिले की विचित्र आजार होतो, पिंग, म्हणजे "आहेस का" विचारणारं छोटं पॅकेट, चालतो, लॉगिन होतं, पण मोठी फाईल पाठवली की सगळं लटकतं. असं लक्षण दिसलं तर पहिल्यांदा पॅकेटच्या मापाकडे बघा, निम्मा दिवस वाचेल.

मुख्य रस्ता आता. तुमच्या फोनने ॲप उघडलं की तो आधी डीएनएसला विचारतो, बाबा हे नाव कुठे राहतं? डीएनएस पत्ता देतो आणि सोबत सांगतो की हे उत्तर इतके सेकंद धरून चाल, याला टीटीएल म्हणतात. इथेच पहिला उशीर. एक अख्खा रीजन बंद पडला आणि तुम्ही डीएनएसमधला पत्ता बदलला तरी ६० सेकंदांचा टीटीएल असेल तर तेवढा वेळ तरी काही लोक जुन्याच दारावर धडका देत राहणार, आणि काही ॲप्स तर एकदा मिळालेला पत्ता स्वतः बंद होईपर्यंत सोडतच नाहीत. म्हणून डीएनएसवरचं वळण नेहमी ढोबळ समजायचं, हा हायवेवरचा बोर्ड आहे, चौकातला पोलीस नाही.

चौकातला पोलीस म्हणजे लोड बॅलन्सर. बाहेरच्या जगाला हा एकच पत्ता दिसतो, मागे मशीन्स १० असोत की १०००. आलेलं प्रत्येक काम कुणाला द्यायचं हे तो ठरवतो. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे खेळताना पत्ते वाटतात तसं एकेकाला वाटत जायचं, राउंड रॉबिन. सगळी कामं सारखी असतील तर ठीक, पण एक काम १० मिलिसेकंदांचं आणि एक ५ सेकंदांचं असं असेल तर एखाद्या बिचाऱ्या मशीनच्या वाट्याला सगळी जड कामं येतात, म्हणून मग ज्याच्या हातात सध्या सगळ्यात कमी कामं आहेत त्याला द्यायचं ही पद्धत बरी. पण त्यातही एक खड्डा आहे. एखादी मशीन बिघडली आणि प्रत्येक कामाला झटक्यात "एरर" म्हणून मोकळी व्हायला लागली तर तिच्या हातात कायम सगळ्यात कमी काम दिसणार, आणि लोड बॅलन्सर जास्तीत जास्त लोकांना तिच्याकडेच पाठवत बसणार. म्हणून नुसती गर्दी मोजून भागत नाही, उत्तर बरोबर येतंय का हेही मोजावं लागतं.

तिसरी एक पद्धत कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेला माहितीचा तयार साठा, असलेल्या मशीन्ससाठी वापरतात, ठरावीक माणसाचं काम ठरावीक मशीनकडेच जावं म्हणजे त्याची माहिती तिथे तयार असते. साधा भागाकार करून, बाकी उरेल त्या नंबरची मशीन, असं केलं तर १० च्या ११ मशीन्स झाल्यावर जवळजवळ ९१ टक्के लोकांची मशीन बदलते, म्हणजे मदतीला एक मशीन आणली आणि सगळ्यांचाच तयार माल वाया गेला. कन्सिस्टंट हॅशिंग नावाची युक्ती १९९७ मधे आली, तिच्यात फक्त अकरावा हिस्सा, साधारण ९ टक्के लोक हलतात. मला ही सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते, गणित दोन ओळींचं आणि फायदा रोजचा.

आता हेल्थ चेक, इथे मात्र जरा थांबणार आहे कारण बहुतेक मोठी दुखणी इथेच असतात. लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने प्रत्येक मशीनला विचारतो, बरी आहेस का? ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचं मूळ सेटिंग धरलं तर हा प्रश्न दर ३० सेकंदांनी विचारला जातो आणि लागोपाठ २ वेळा उत्तर आलं नाही तर मशीन आजारी ठरते. म्हणजे मशीन मेलेली कळायला एक मिनिट लागू शकतं, आणि १० पैकी १ मशीन गेली असेल तर त्या मिनिटभर दर दहाव्या माणसाला एरर दिसणार. मग वाटतं, दर २ सेकंदांनी विचारू आणि एकदा चुकली की काढून टाकू. हे जास्त धोक्याचं. मशीन मेलेली नसते, फक्त दमलेली असते, तुम्ही तिला बाहेर काढता, तिचा भार उरलेल्यांवर पडतो, त्या दमतात, त्याही बाहेर, आणि असं करत करत सगळी रांग आडवी होते.

मी एका टीममधे असताना हे डोळ्यांनी बघितलंय. हेल्थ चेकमधे कुणीतरी चांगल्या हेतूने डेटाबेसची तपासणीही घातली होती, मशीन बरी आहे म्हणजे तिला डेटाबेस दिसतोय ना, हे बघायला. एका संध्याकाळी डेटाबेस थोडा मंदावला, बंद नाही, नुसता मंदावला, आणि सगळ्या मशीन्स एकाच वेळी "आजारी" ठरल्या. मशीन्स ठणठणीत होत्या, पण साइट बंद. तेव्हापासून मी हेच सांगतो की हेल्थ चेकने फक्त त्या मशीनबद्दल बोलावं, शेजाऱ्यांबद्दल नाही. जो दोष सगळ्यांना सारखाच आहे त्यावर एकेकाला बाहेर काढणं हा उपाय असूच शकत नाही. काही लोड बॅलन्सर्समधे यासाठी एक शहाणपण आधीच ठेवलेलं असतं, सगळ्याच मशीन्स आजारी दिसल्या तर तपासणीवर विश्वास न ठेवता सगळ्यांना काम वाटत राहायचं.

हा प्रश्न छोट्यांचाच नाही. ऑक्टोबर २०२५ मधे ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया रीजनमधे मोठा गोंधळ झाला, सुरुवात एका डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीपासून झाली, पण नंतरचा भाग आपल्या कामाचा आहे. नव्या व्हर्च्युअल मशीन्स चालू तर होत होत्या, पण त्यांची नेटवर्कची माहिती सगळीकडे पोचायला उशीर होत होता, म्हणजे मशीन तयार पण रस्ता तयार नाही. हेल्थ चेकला त्या आजारी दिसायच्या, मग बऱ्या दिसायच्या, मग परत आजारी, आणि या आत-बाहेर करण्यात चांगली क्षमताही हातातून निसटत होती. शेवटी इंजिनिअर्सनी हे आपोआप बाहेर काढणंच काही काळ थांबवलं.

आता मशीन्स वाढवण्याकडे. ऑटोस्केलिंग म्हणजे सीपीयू ७० टक्क्यांच्या वर गेला की नवीन मशीन आण, असा नियम. ऐकायला पुरेसा वाटतो. पण आधी मोजमाप गोळा व्हायला वेळ, मग नियम लागू व्हायला, मग मशीन मिळायला, बूट व्हायला, ॲप चालू व्हायला आणि मग हेल्थ चेक पास व्हायला वेळ. हॉटस्टारने जाहीर सांगितलेला हिशोब असा की मोठ्या मॅचमधे मिनिटाला १० लाखांपर्यंत नवे प्रेक्षक येऊ शकतात आणि नवी मशीन कामाला लागेपर्यंत साधारण ९० सेकंद जातात. म्हणजे मशीन हात द्यायला येईपर्यंत १५ लाख माणसं दारात जमलेली. त्यामुळे त्यांनी क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगवर मोठ्या मॅचसाठी भरवसा ठेवलाच नाही, सीपीयूऐवजी प्रेक्षकसंख्या बघून पायऱ्या आधीच आखल्या, इतके लोक आले की इतक्या मशीन्स, आणि पुढच्या पायरीच्या मशीन्स आधीच उभ्या. हे करण्याआधी स्वतःवरच खोटा हल्ला करून बघितला, त्यासाठी ३ हजारांहून जास्त मोठ्या व्हर्च्युअल मशीन्स नुसत्या खोटी गर्दी तयार करायला लावल्या होत्या.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. आषाढी जवळ आली की पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढतात आणि देवळात चोवीस तास दर्शन सुरू होतं. हे रांग वाढल्यावर ठरवत नाहीत, आधी ठरवतात, कारण गर्दी येणार हे पंचांगालाच माहीत असतं. मॅच, दहावीचा निकाल, तिकीट बुकिंग उघडण्याची वेळ, या सगळ्याचं पंचांग आपल्या हातात असतं. अचानक येणाऱ्या गर्दीसाठी ऑटोस्केलिंग ठेवा, पण तारीख माहीत असलेल्या गर्दीला त्याच्या भरवशावर सोडणं ही मला हयगय वाटते.

आणि पंढरपूरचीच आणखी एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते, ती म्हणजे पददर्शनाची रांग आणि मुखदर्शनाची रांग. ज्याला पायावर डोकं ठेवायचंय तो तासन् तास उभा राहतो, ज्याला तेवढा वेळ नाही तो लांबून मुख बघून पुढे जातो, पण रिकाम्या हाताने कुणी परतत नाही. सर्व्हरचंही असंच करावं लागतं. भार वाढला की शिफारशी बंद, "अर्धवट बघितलेलं" बंद, सगळ्यांना एकच साधं होमपेज, पण मॅच मात्र चालू राहिली पाहिजे. हॉटस्टारकडे हे बटण होतं. तुमच्या सिस्टिममधे पददर्शन कुठलं आणि मुखदर्शन कुठलं हे शांत वेळी ठरवून ठेवलं नाही तर गडबडीत ते ठरत नाही.

मशीन किती टक्के भरायची याचंही एक गणित आहे आणि ते फसवं आहे. रांगेच्या सगळ्यात साध्या मॉडेलमधे मशीन ५० टक्के व्यस्त असेल तर उत्तराला मूळ वेळेच्या दुप्पट लागतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. म्हणजे ८० ते ९० मधे आपण "अजून १० टक्के शिल्लक होते ते वापरले" असं म्हणतो तेव्हा लोकांची वाट बघायची वेळ दुप्पट झालेली असते. त्यात झोनचा हिशोब घाला. एका रीजनमधे तीन झोन म्हणजे तीन वेगळी डेटा सेंटर्स किंवा त्यांचे गट समजा, वीज वेगळी, इमारत वेगळी. तिन्ही ८० टक्के भरलेली असताना एक गेलं तर उरलेल्या दोघांवर १२० टक्के, म्हणजे तीही जाणार. तीन झोन घेतले म्हणून सुरक्षित असं नसतं, तिन्ही दोन-तृतीयांशाच्या खाली ठेवले असतील तरच ते तीन, नाहीतर एकाच संकटाचे तीन भाग.

रिट्रायबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. उत्तर आलं नाही की ॲप परत विचारतं, चांगली सवय. पण ॲप ३ वेळा विचारतं, त्याच्या मागची सेवा आपल्या मागच्या सेवेला ३ वेळा, आणि ती डेटाबेसला ३ वेळा, म्हणजे वर एक माणूस आणि खाली २७ प्रश्न, तेही नेमके डेटाबेस दमलेला असताना. ७ डिसेंबर २०२१ ला ॲमेझॉनच्या आतल्या नेटवर्कमधे असंच काहीसं झालं, एका सेवेची क्षमता आपोआप वाढवताना आतल्या असंख्य मशीन्सनी एकदम कनेक्शन्सचा मारा केला, मधली नेटवर्क उपकरणं गुदमरली, उशीर झाला म्हणून परत प्रयत्न, परत गर्दी, आणि वाईट म्हणजे काय चाललंय ते दाखवणारी मोजमापंही त्याच नेटवर्कवरून यायची, त्यामुळे तीही अडकली. उपाय साधा आहे, प्रत्येक प्रयत्नाआधी थांबायची वेळ दुप्पट करत जायची आणि त्यात थोडी अनियमितता घालायची, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला परत येत नाहीत. आणि रिट्राय एकाच थरात, सगळ्या थरांत नाही.

एक छोटी अडचण सांगून ठेवतो कारण ती सापडायला फार वेळ लागतो. आतल्या मशीन्स बाहेर बोलतात ते नॅट गेटवेमधून, सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच, आणि कुणाचं कनेक्शन कुठलं ते पोर्ट नंबरवरून ओळखतात. पोर्ट १६ बिटांचे, म्हणजे ६५ हजारांच्या आसपास, ॲमेझॉनच्या नॅट गेटवेला एका पत्त्यावरून एकाच ठिकाणी एकावेळी ५५ हजार कनेक्शन्स. तुमच्या ५०० मशीन्स एकाच पेमेंट सेवेशी बोलत असतील आणि प्रत्येक वेळी नवं कनेक्शन उघडत असतील तर हे संपतं, मशीन्सचा सीपीयू निवांत दिसतो आणि बाहेरचे कॉल मात्र फेल होत राहतात. कनेक्शन उघडं ठेवून परत परत वापरलं की प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

आणि मॅच संपल्यावर? मशीन्स कमी करायच्या, भाडं चालू आहे. पण मशीन नुसती बंद केली तर तिच्या हातात असलेली कामं मधेच तुटतात, म्हणून आधी लोड बॅलन्सरला सांगायचं की हिला नवं काम देऊ नकोस, जुनं संपेपर्यंत थांब. याला ड्रेनिंग म्हणतात, ॲमेझॉनकडे मूळ सेटिंग ३०० सेकंदांचं आहे. वाढवताना मोठ्या पायऱ्या घ्यायच्या, उतरताना छोट्या, आणि उतरायला सुरुवात करायच्या आधी होमपेजवरची लाट ओसरली का ते बघायचं, कारण प्रेक्षकांचा आकडा आधी पडतो आणि कामाचा नंतर. मग एक मशीन, थोड्या वेळाने दुसरी, प्रत्येकीच्या हातातलं शेवटचं काम पूर्ण होऊ देत.